मसाला चहाचे भाजलेले बार : चहा ओतायचा नाही, मुरवायचा

चहाच्या स्वादाचे बार करायचे म्हटले की बहुतेकांना पहिली कल्पना सुचते ती कडक चहा उकळून पिठात ओतण्याची. मीही पहिल्या खेपेस तेच केले होते. अर्धा कप दाट, आले-वेलदोडा घातलेला चहा मी मिश्रणात मिसळला, ओव्हनमध्ये भांडे ठेवले आणि पाऊण तासाने माझ्या हाती जे आले ते धड केकही नव्हते आणि धड वडीही नव्हती. रंग चहाचा होता, पोत रबरासारखा होता आणि चव नुसतीच गोड होती. पुढच्या तीन-चार प्रयत्नांत लक्षात आले की चूक चहाच्या प्रमाणात नव्हती, पाण्यात होती. बार हा पदार्थ तूप, साखर आणि अगदी थोडा मैदा यांच्या जोरावर उभा राहतो. त्यात अर्धा कप पाणी शिरले की साखर सैल होते, मैदा चिवट होतो आणि मसाल्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. वेलदोडा, दालचिनी, लवंग यांचा सुगंध ज्या तेलांत असतो ती तेले पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात कितीतरी चांगली विरघळतात, आणि चहाच्या सुगंधाचा मोठा भागही तसाच असतो. म्हणून या कृतीत चहा तीन वाटांनी आत येतो. त्याचा वास कढवलेल्या लोण्यात उतरतो, तुरटपणा वस्त्रगाळ पुडीच्या रूपाने मैद्यात मिसळतो आणि दुधाळपणा वरच्या पातळ मुलाम्यातून मिळतो.

ज्याला इंग्रजी मुलखात ब्लाँडी म्हणतात त्या जातीचा हा बार आहे, म्हणजे चॉकलेट नसलेली ब्राउनी. गंमत अशी की १८९६ साली बॉस्टनच्या एका पाकपुस्तकात ब्राउनी या नावाने जी कृती छापली गेली तीसुद्धा चॉकलेटची नव्हती, मोलॅसिसची होती. मोलॅसिस आणि आपली काकवी या अगदी एक वस्तू नसल्या तरी दोन्ही उसाच्या रसातून येतात आणि दोन्हींची चव एकाच दिशेची असते. त्यामुळे या बारमध्ये थोडा गूळ घालणे ही माझी ओढूनताणून केलेली देशी जोडणी नव्हे. काळी, किंचित कडवट गोडी ही या पदार्थाच्या मूळ स्वभावातलीच आहे.

चहा कोणता घ्यावा

घरात रोज उकळायला जो आसामचा दाणेदार सीटीसी चहा असतो तोच येथे सर्वांत उपयोगी पडतो. पाने चिरडून, फाडून आणि वळवून त्यांचे गोळीदार दाणे करण्याची ही यंत्रपद्धत १९३० च्या दशकात आसामात रुजली. या दाण्यांतून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो आणि दूध, साखर, मसाला यांच्या गर्दीतही तो टिकून राहतो. दार्जिलिंगचा लांब पानाचा महागडा चहा येथे वापरू नये. त्याचा नाजूक फुलांसारखा वास गूळ आणि लोण्याखाली पूर्ण दबतो आणि पैसे वाया जातात. अगदी बारीक डस्टही टाळावा, कारण तो कापडातून निसटतो आणि फार लवकर कडवट होतो.

एकूण १८ ग्रॅम चहा लागतो. त्यापैकी ८ ग्रॅम लोण्यात मुरवण्यासाठी, ४ ग्रॅम पुडीसाठी आणि ६ ग्रॅम मुलाम्यासाठी वेगळा काढून ठेवावा. पुडीचा ४ ग्रॅम चहा एकटा मिक्सरमध्ये घातला तर तो पात्यांखाली नुसता गरगरत राहतो, म्हणून कृतीतल्याच साखरेतून दोन चमचे साखर त्याच्याबरोबर घालून दळावे. नंतर ही पूड मलमलच्या फडक्यातून किंवा अगदी बारीक चाळणीतून गाळून घ्यावी आणि वर राहिलेला चुरा पुन्हा दळावा. येथे कंटाळा केला तर बार खाताना दाताखाली कचकच येते, आणि ती कचकच वाळूसारखीच लागते.

मसाला

चहाचा तयार मसाला वापरायला हरकत नाही, परंतु त्यात बहुधा सुंठ आणि मिरीचा भर जास्त असतो. चहाच्या कपात ते शोभते, गोड बारमध्ये मात्र घसा खवखवतो. घरी करायचा असेल तर १४ हिरव्या वेलदोड्यांचे दाणे, म्हणजे साधारण २ ग्रॅम, एक सपाट चहाचा चमचा सुंठपूड, अर्धा चमचा दालचिनीची पूड, ८ मिरीदाणे, ३ लवंगा आणि किसणीवर दोन-चार वेळा फिरवलेले जायफळ एवढे पुरते. वेलदोडा आयत्या वेळी कुटावा, कारण त्याचा वास कुटल्यावर भराभर उडतो. लवंग तीनपेक्षा जास्त घालू नये. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्यही वापरतात, आणि एकदा माझ्या हातून सहा लवंगा पडल्या तेव्हा घरातल्या प्रत्येकाला दाताचा दवाखाना आठवला होता.

ओले आले मिश्रणात घालू नये, सुंठच घालावी. आल्यात पाणी असते हे एक कारण झाले. दुसरे असे की आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचा काही भाग शोगाओल या दुसऱ्या घटकात बदलतो आणि तो अधिक तिखट असतो. म्हणूनच चिमूटभर सुंठ बोटभर आल्याचे काम करते. ओल्या आल्याला आपण मुलाम्यात जागा देणार आहोत.

वेलदोड्याची टरफले टाकून देऊ नयेत. ती चहाच्या डब्यात घालून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहेच. येथे ती लोण्यात मुरवायच्या पुरचुंडीत घालावीत.

लोणी कढवणे

या पदार्थाचा खरा कस येथे लागतो. परदेशी कृतींत लोणी तपकिरी करण्याविषयी जे पानभर लिहिलेले असते ते मराठी घरात वेगळे शिकवावे लागत नाही, कारण साईचे लोणी कढवताना आपण रोज त्याच वाटेने जातो. लोणी वितळते, फेस येतो, पाणी तडतडत उडून जाते, आवाज मंदावतो आणि तळाशी बेरी बसू लागते. फरक इतकाच की तूप करताना आपण बेरी गाळून बाजूला काढतो, आणि मग ती साखर घालून मुलांच्या हातावर पडते. येथे बेरी हीच हवी असते. दुधातली प्रथिने आणि साखर यांच्या भाजण्यातून जो खमंगपणा येतो तो सगळा तिच्यात साठलेला असतो.

बिनमिठाचे लोणी १५० ग्रॅम घ्यावे. भांडे स्टीलचे किंवा आतून फिकट रंगाचे असावे, कारण काळ्या नॉनस्टिक भांड्यात बेरीचा रंग दिसत नाही आणि ती जळल्याचे नाकालाच आधी कळते. मध्यम आचेवर लोणी वितळू द्यावे, तडतड सुरू झाली की आच मंद करावी आणि कलथ्याने तळ खरवडत राहावे. तडतड थांबून बारीक, दाट फेस वर आला की तेथून पुढे एक-दोन मिनिटांचाच खेळ असतो. बेरी बदामी झाली, भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास आला की लगेच गॅस बंद करून भांडे खाली उतरवावे. तापलेल्या भांड्यात बेरी आणखी एक छटा गडद होते हे धरूनच थांबावे. ती काळी पडली तर मनाचा हिय्या करून तूप गाळून घ्यावे, भाजीला वापरावे आणि नव्याने सुरुवात करावी. जळक्या बेरीचा कडवटपणा आणि चहाचा कडवटपणा एकत्र आले की दोघांनाही काही उपाय उरत नाही.

भांडे पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. मलमलच्या कापडात ८ ग्रॅम चहा, वेलदोड्याची टरफले आणि दालचिनीचा एक छोटा तुकडा बांधून सैलशी पुरचुंडी करावी आणि ती या गरम लोण्यात सोडावी. चहा थेट लोण्यात घालून नंतर कापडातून गाळला तरी सुगंध उतरतो, पण गाळताना बेरीही कापडावर अडकते, म्हणून पुरचुंडीचा हा खटाटोप. वीस मिनिटे झाकून ठेवावे, मधून दोनदा चमच्याने दाबावे आणि शेवटी पुरचुंडी घट्ट पिळून काढावी. नेहमीचा चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो, परंतु हा चोथा तेथे टाकू नये, कारण तुपाळ चहाला मुंग्या लागतात.

आता लोण्याचे वजन करावे. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, ते उडून गेलेले असते आणि थोडे तूप पुरचुंडीने प्यायलेले असते, त्यामुळे १५० ग्रॅमचे साधारण ११० ते ११५ ग्रॅम उरतात. आपल्याला बेरीसकट ११० ग्रॅम हवे आहे. कमी भरल्यास साजूक तुपाने भर करावी, जास्त भरल्यास वरचे तूप काढावे, पण बेरीला हात लावू नये.

घरचे साईचे लोणी वापरणाऱ्यांनी ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन १८० ग्रॅमपर्यंत घ्यावे, कारण त्यात पाणी आणि ताकाचा अंश अधिक असतो. त्याची बेरी जास्त निघते आणि तिला हलकी आंबूस झाक असते. माझ्या मते या बारसाठी याहून चांगले लोणी नाही. दुकानातले पिवळे खारे लोणी घेतले तर कृतीतले मीठ पूर्ण गाळावे. घरात नुसते तूप असेल तर ११० ग्रॅम तूप मंद गरम करून त्यात पुरचुंडी मुरवावी आणि मागच्या कढवणीची बेरी शिल्लक असेल तर ती एक मोठा चमचा घालावी. बेरीशिवाय केलेला बार खाण्याजोगा होतो, एवढेच मी म्हणेन.

बाकीचे साहित्य

ब्राउन शुगर १२० ग्रॅम, बारीक केलेला गडद गूळ ६० ग्रॅम, मैदा १३० ग्रॅम, एक संपूर्ण अंडे आणि आणखी एका अंड्याचा बलक, अर्धा चहाचा चमचा मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर आणि आवडीप्रमाणे ५० ग्रॅम भाजून भरड केलेले काजू, एवढे साहित्य लागते. व्हॅनिला मी घालत नाही, कारण तो सवयीने बाटलीतून पडतो आणि वेलदोड्यावर कुरघोडी करतो. पिवळाधमक गूळ घेण्यापेक्षा तांबूस-काळसर गूळ घ्यावा, त्याची चव खोल असते. गूळ चिकट असेल तर किसून घ्यावा, खडे ठेवू नयेत. सगळाच गूळ घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यात ओलावा जास्त असतो. बार मऊ पडतो आणि वर येणारी पातळ, तडकलेली पापडी येत नाही.

वाटीने मापू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मैदा डब्यातून वाटीने उपसला की तो दाबला जातो, चाळून भरला की हलका बसतो, आणि या दोन वाट्यांमधला फरक एवढ्या लहान कृतीत बारचा केक करायला पुरेसा असतो. साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे.

भांडे २० सेंटिमीटर चौरस असावे. ते नसेल तर २२ सेंटिमीटर व्यासाचे गोल भांडे जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रफळाचे असते आणि वेळही तेवढाच लागतो. २० सेंटिमीटरच्या गोल भांड्यात थर जाड होतो, म्हणून पाच-सात मिनिटे जास्त धरावीत. भांड्यात कागद अशा रीतीने अंथरावा की त्याची दोन टोके बाहेर राहतील आणि त्यांना धरून पुढे अख्खी लादी उचलता येईल. कागद भाजण्याला टिकणारा बेकिंग पेपर असावा. बटर पेपर या नावाने मिळणारे काही पातळ, मेणाचा हात दिलेले कागद उष्णतेने लादीला चिकटतात आणि मग ते नखाने सोलत बसावे लागते.

मिश्रण

लोणी आता कोमट असावे. बोट बुडवले तर सोसेल इतपत. जास्त गरम लोण्यात अंडे घातले तर त्याची भुर्जी होते, आणि लोणी थिजले तर साखर त्यात मिसळत नाही. कोमट लोण्यात ब्राउन शुगर, गूळ आणि मीठ घालून रवीने किंवा फेटणीने एक मिनिट फेटावे. हे मिश्रण ओल्या वाळूसारखे दिसेल आणि कडेने थोडे तूप सुटलेले असेल, त्याची काळजी करू नये. दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा ढवळावे, म्हणजे गुळाची कणी मोडते. मग अंडे आणि बलक घालून दीड-दोन मिनिटे जोर लावून फेटावे. मिश्रण एकजीव होते, किंचित फिके पडते आणि त्यावर चकाकी येते. वरची पापडी या फेटण्यावर अवलंबून असते, त्यामुळे हाताला येथे आराम देऊ नये.

मैदा, चहाची वस्त्रगाळ पूड, मसाला आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्यावी आणि ती दोन भागांत मिश्रणात घालावी. आतापर्यंत जितका जोर लावला तितकाच आता आवरायचा आहे. कलथ्याने तळापासून वर उचलत, भांडे फिरवत मैदा मिसळावा आणि पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबावे. काजू शेवटी घालावेत. मिश्रण ओतता येण्याजोगे पातळ नसते, ते कलथ्यावरून जडपणे सरकते. ते भांड्यात पसरून ओल्या चमच्याच्या पाठीने कोपऱ्यांपर्यंत सारखे करावे आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. एवढ्या वेळात चहाची पूड ओलावा घेऊन मऊ होते आणि ओव्हनही तापतो.

भाजणे

ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन, असेल तर वरच्या आणि खालच्या दोन्ही सळया चालू ठेवून, पंखा असल्यास तो बंद ठेवून, १७५ अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे तापवावा आणि भांडे मधल्या मांडणीवर ठेवावे. घरगुती ओटीजीचे बटण आणि आतली खरी उष्णता यांत कधीकधी वीस अंशांचेही अंतर असते. ओव्हनचा छोटा तापमापक आत टांगून एकदा खात्री करून घेतली तर पुढची अनेक वर्षे अंदाजपंचे भाजावे लागत नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये किंवा पंख्याच्या ओव्हनमध्ये १६० अंश ठेवावे.

वीस मिनिटांनी पहिल्यांदा पाहावे, त्याआधी दार उघडू नये. साधारण बावीस ते सव्वीस मिनिटांत बार होतो. कडेचा दोन बोटे भाग घट्ट झालेला असतो, वर बारीक तडे गेलेले असतात, आणि भांडे हलवल्यास मधला भाग थरथरत नाही, पण बोटाने दाबल्यास मऊ लागतो. काडी घातली तर तिला ओलसर भुगा चिकटून आला पाहिजे. कच्चे, ओघळणारे पीठ आले तर आणखी तीन मिनिटे द्यावीत. केकच्या सवयीने काडी कोरडी येईपर्यंत वाट पाहणे ही दुसरी मोठी चूक होय, आणि तीही माझ्या हातून झालेली आहे. गार झाल्यावर ती लादी सुरीने कापली जाईना, शेवटी चिक्कीसारखी फोडून वाटली.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत किंवा शिट्टी आणि रबरी रिंग काढलेल्या मोठ्या कुकरमध्ये मिठाचा बोटभर थर, त्यावर जाळी आणि वर घट्ट झाकण अशी मांडणी करून, दहा मिनिटे तापवून, मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटांत बार भाजता येतो. वाळूवर केक भाजलेल्या पिढीला हे सांगण्याची गरज नाही. वरून उष्णता मिळत नसल्यामुळे रंग फिका राहतो आणि पापडी येत नाही, पण मुलामा दिल्यावर ते झाकले जाते. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब पडू नयेत म्हणून त्याला कापड बांधावे आणि कापडाची टोके वरच्या मुठीवर बांधून आचेपासून दूर ठेवावीत.

गार करणे आणि कापणे

वड्या थापल्या की आपण गरम असतानाच सुरीने रेघा मारतो, कारण गार झाल्यावर पाक घट्ट बसतो आणि वडी तुटते. बारचे नेमके उलट असते. भांडे बाहेर काढल्यावर मधला भाग थोडा खाली बसतो, तो बसायलाच हवा. त्यातली साखर आणि तूप गार होताना घट्ट होतात आणि तेव्हाच पोत तयार होतो. किमान दीड तास भांड्यातच राहू द्यावे, मग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे, कागद धरून लादी पाटावर घ्यावी आणि आधी मुलामा द्यावा. तो सुकल्यावर लांब पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दाबात खाली न्यावी. सुरी करवतीसारखी पुढेमागे करू नये. प्रत्येक कापानंतर पाते पुसावे. पाच सेंटिमीटरचे सोळा तुकडे होतात. कडेचे तुकडे कोणाचे यावरून आमच्या घरी वाद होतात, मधले तुकडे पाहुण्यांना जातात.

चहाचा मुलामा

पाऊण कप पाण्यात ठेचलेला आल्याचा पेराएवढा तुकडा घालून दोन मिनिटे उकळावा, त्यात ६ ग्रॅम चहा घालून आणखी दोन मिनिटे उकळावे आणि गाळावे. चोथा दाबून पिळू नये, तुरटपणा अंगावर येतो. गाळलेला अर्क पुन्हा मंद आचेवर आटवून जेमतेम दीड मोठा चमचा उरेल इतका करावा. १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे दूध पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून घ्यावे, त्यात १० ग्रॅम वितळलेले लोणी आणि हा अर्क थोडाथोडा घालून, चमच्यावरून दाट फितीसारखे पडेल असे करावे. पातळ झाले तर पिठीसाखर, घट्ट झाले तर अर्काचे काही थेंब घालावेत.

येथे द्रव दूध न घालता दूध पावडर घालण्यामागे कारण आहे. दुधातले केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवते, म्हणूनच दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा जिभेला गुळगुळीत लागतो, आणि तो गुळगुळीतपणा आपल्याला पाणी न वाढवता हवा आहे. शिवाय कच्च्या आल्यातल्या एका विकरामुळे दूध फाटू शकते. आले आधी पाण्यात उकळल्याने ते विकर निकामी होते आणि ही भीती उरत नाही. मुलामा गार लादीवर ओतून चमच्याच्या पाठीने पातळ पसरावा आणि तासभर सुकू द्यावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, तो पूर्ण सुकत नाही आणि बोटाला चिकटतो. त्या दिवसांत मुलामा न देता नुसती पिठीसाखर व वेलदोडापूड भुरभुरावी हे बरे.

अंड्याशिवाय

अंडे चालत नसेल तर दह्यापेक्षा जवस घ्यावे, असे मी अनुभवाने म्हणते. दह्याने बार फुलतो, आंबूस होतो आणि केककडे झुकतो. जवसाची पूड मात्र पाण्यात चिकट बुळबुळीत होते आणि बारला हवा तसा चिवट-मऊ पोत देते. १० ग्रॅम न भाजलेल्या जवसाची बारीक पूड ५० मिलिलिटर कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी आणि अंड्याच्या जागी फेटून घालावी. थोडे पाणी येथे शिरते खरे, पण जवस ते धरून ठेवते. भाजायला तीन-चार मिनिटे जास्त लागतात आणि लादी नाजूक असते, म्हणून ती पूर्ण गार झाल्याखेरीज भांड्यातून काढू नये. चकाकती पापडी या प्रकारात मिळत नाही.

गवती चहाचा प्रकार

महाराष्ट्रात मसाल्याइतकाच गवती चहाही घरोघरी उकळला जातो. तो नावापुरता चहा आहे, जातीने गवत आहे, आणि त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या घटकामुळे येतो. हा घटकही तुपात छान उतरतो. हिरव्या पात्यांची पाच-सहा पाने धुऊन, अगदी कोरडी पुसून, मुडपून त्यांची गाठ मारावी आणि लोणी कढवून खाली उतरवल्यावर चहाच्या पुरचुंडीबरोबर तीही सोडावी. पाने ओली राहिली तर गरम तूप उडते. या प्रकारात लवंग आणि जायफळ पूर्ण वगळावे, सुंठ निम्मी करावी आणि वेलदोडा तसाच ठेवावा.

काही बिघडले तर

मिश्रणातून तूप वेगळे सुटून वर तरंगत असेल तर लोणी फार गरम होते असे समजावे. एक-दोन चमचे कोमट दूध घालून जोरात फेटल्यास ते बहुधा जुळून येते. भाजल्यावर तळाशी तेलकट थर दिसला तर लोणी वजन न करता घातले गेले असेल. चव कडवट लागली तर बेरी जळली होती का, मुलाम्याच्या चहाचा चोथा पिळला होता का आणि पूड चार ग्रॅमच होती का, हे त्याच क्रमाने आठवून पाहावे. चहाचा वास येतच नाही असे वाटले तर मात्र घाईने पुढच्या वेळचे प्रमाण वाढवू नये. डबा बंद करून एक रात्र थांबावे, कारण हा बार लोणच्यासारखा मुरतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातला वेलदोडा आणि चहा दोन्ही स्पष्ट होतात. माझ्याकडे पाहुणे शनिवारी यायचे असतील तर मी शुक्रवारी भाजते.

हवाबंद डब्यात बार तीन-चार दिवस बाहेर टिकतात. मुलामा न दिलेली लादी कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये दोन महिने राहते आणि खाण्याआधी दोन तास बाहेर काढून ठेवली की पुरे. परदेशी राहणाऱ्यांना सीटीसी चहा हाताशी नसेल तर काळ्या चहाच्या पिशव्या फोडून घ्याव्यात. एका पिशवीत दोन ग्रॅमच्या आसपास चहा असतो, म्हणजे साऱ्या कृतीला नऊ पिशव्या लागतील. अमेरिकेत लोण्याची एक कांडी ११३ ग्रॅमची असते, तेव्हा एक कांडी आणि दुसरीचा तिसरा हिस्सा घ्यावा.

प्रत्येक तुकड्यात पाव ग्रॅम चहाची पूड आणि वर आटवलेला अर्क असतो, त्यामुळे ज्यांची झोप चहाने उडते त्यांनी हे बार रात्रीच्या जेवणानंतर खाऊ नयेत. दुपारी चारच्या सुमारास खायचे असतील आणि सोबत चहाही हवा असेल तर तो बिनसाखरेचा आणि बिनमसाल्याचा करावा.